मुलाचे हात मोकळे सोडा

‘खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा कंटाळा करील.’ कर्णबधिर मुलाच्या आईला हा सल्ला आजही मिळतो, तोही तिचं भलं चिंतणाऱ्यांकडून. सल्ला जुनाच आहे. 1880 साली मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. 2010 साली व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मधली 130 वर्षं मुलांनी सोसली.

खुणा काढून घेतल्यावर नुसते ओठ वाचायचे म्हणजे काय, हे आरशापुढे उभं राहून पाहा. पाप, बाप, माप म्हणा. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. फरक होतो तो घशात आणि नाकात, तिथे मुलाची नजर पोचत नाही. दिवसभर असे अंदाज बांधून थकलेल्या मुलाला आपण वर ‘लक्ष देत नाही’ म्हणतो!

दुसरं म्हणणं असं, की हातवारे म्हणजे भाषा नव्हे. भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकन खुणांची भाषिक रचना 1960 मध्येच उलगडून दाखवली होती. भारतीय सांकेतिक भाषेतही ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. हे तिचं स्वतःचं व्याकरण आहे, मराठीची नक्कल नव्हे.

श्रवणयंत्राला किंवा कॉक्लिअर इम्प्लांटला माझा विरोध नाही. पण यंत्र मिळून कान रुळेपर्यंत मुलाने भाषेवाचून राहायचं का? ती पहिली वर्षं पुन्हा येत नाहीत. दुभाषी कमी आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच ते घडवायला हवेत. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा अडचण त्यांच्या बुद्धीची कधीच नव्हती हे देशाने पाहिलं.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 पर्यंत 10,000 शब्दांचा सांकेतिक कोश केला. तो परभणीच्या आईपर्यंत पोचवायला माणूस लागतो. बेरा या श्रवणचाचणीचा कागद तिच्या हातात पडेल त्याच दिवशी, यंत्राच्या चिठ्ठीबरोबर, जवळच्या खुणांच्या वर्गाचा पत्ताही तिला मिळाला पाहिजे. आणि त्या वर्गात शिकवायला कर्णबधिर शिक्षक हवा.