खिडकीची पट्टी आणि पाण्याची वाट

पावसाळ्याआधीची डागडुजी म्हटली की आपले लक्ष गच्चीकडे नाहीतर कौलांकडे जाते. खिडकी राहून जाते. मग जुलैत भिंतीवर ओलीचा डाग उमटतो आणि आपण गच्चीला दोष देतो. पुष्कळदा ते पाणी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून आलेले असते. आपल्या घरांत खिडकीच्या कट्ट्यावर काय काय असते! मुलांची पुस्तके, अम्मींची औषधे, कुठे रेहालवर ठेवलेला कुरआन शरीफ. तिथे ओल आली की नुसता रंगच खराब होत नाही.

म्हणून खिडकीखालची फरशी, मग ती कडाप्पा असो, ग्रॅनाइट असो की संगमरवर, बसवून घेताना काही गोष्टी मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून पाहाव्यात.

पहिली गोष्ट उतार. बाहेरच्या फरशीला उतार बाहेरच हवा. 15 सेंटिमीटर रुंदीला सुमारे 1 सेंटिमीटर. आतली फरशी वेगळी असेल तर ती सपाट आणि बाहेरच्यापेक्षा थोडी उंच ठेवावी. बाहेरची फरशी गिलाव्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे यावी आणि तिच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक बारीक खाच मारून घ्यावी. या खाचेमुळे थेंब तिथेच सुटून खाली पडतो, उलटा भिंतीकडे जात नाही. खाच मारायला थोडाच वेळ लागतो, पण सांगितले नाही तर ती राहून जाते.

फरशीखाली माल पूर्ण भरलेला असावा. माल घट्ट झाल्यावर बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिथे पाणी साठणार, किंवा कोणी वर चढले की फरशी तडकणार. त्यानंतर आठवडाभर सिमेंटच्या कामावर पाणी मारायला हवे. हे काम घरातल्या मुलांवर सोपवावे, ती आवडीने करतात.

आतून चौकटीभोवती लाकडी पट्टी लावायची असेल तर सुताराला आधी चौकट मापायला सांगा: रुंदी वर, मध्ये आणि खाली, मग दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. शाळेतले आयताचे गणित इथे कामाला येते. ते सारखे नसतील तर 45 अंशांत कापलेल्या पट्ट्यांच्या सांध्यात फट राहणारच. पट्टीच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर लावावा, कारण लाकूड टोकाकडूनच जास्त पाणी पिते. भिंतीलगतची फट रंग धरणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने भरावी. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून लहान भोके असतात. ती पाणी निघून जाण्यासाठी असतात. उत्साहाच्या भरात सिलिकॉनने ती बुजवली, तर तेच पाणी घरात येते.

आता एक गोष्ट, जी मापपट्टीने मोजता येत नाही. आपल्या मोहल्ल्यात घराला घर लागून असते. आपल्या फरशीवरून निथळणारे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा दारात पडत असेल, तर आपली भिंत कोरडी राहून काय मिळवले? पैगंबर साहेबांनी (स.) शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद किती वेळा दिली आहे, हे आपण जाणतोच. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून दाखवावे. फरशी किती पुढे येणार आणि पाणी कुठे पडणार, हे दोघांनी मिळून ठरवावे. भांडणापेक्षा हे स्वस्त पडते.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवणही आपण मुलांकडून पाठ करून घेतो. घरात मिस्त्री आणि सुतार काम करत असतात, तेव्हा मुले आपल्याकडे पाहत असतात. संध्याकाळी 'उद्या या' म्हणून त्यांना रिकाम्या हाताने पाठवले, तर पाठ केलेले सगळे वाया गेले.

काम मे महिन्यातच उरकावे. पावसाची वाट पाहू नका. काम झाल्यावर बाहेरून दोन बादल्या पाणी ओतून पाहा. आतला कोपरा कोरडा राहिला की मगच हिशेब पूर्ण झाला असे समजा.