वाघाटीच्या संरक्षणासाठी सीमाभागातील शेतकरी व निसर्ग अभ्यासकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य वनसंरक्षक, बेळगाव (कर्नाटक)
मा. मुख्य वनसंरक्षक (प्रादेशिक), कोल्हापूर (महाराष्ट्र)
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव व कोल्हापूर
मा. कार्यकारी संचालक, सीमाभागातील सर्व साखर कारखाने

विषय : ऊसतोडणीत सापडणारी वाघाटीची पिल्ले व त्यांचा अधिवास यांबाबत दोन्ही राज्यांनी एकच कार्यपद्धती ठरवण्याबाबत.

महोदय,

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, बेळगाव आणि खानापूर या तालुक्यांतील शेतकरी, शिक्षक, तोडणी मुकादम आणि निसर्ग अभ्यासक आमच्या संघटनेचे सभासद आहेत. वाघाटीला कायद्याने मोठा दर्जा दिला आहे, पण तो दर्जा उसाच्या फडापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचावा, एवढ्यासाठी हे मागणीपत्र आहे.

पार्श्वभूमी

वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो भरते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांबाहेर ती आढळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव वाघाच्याच यादीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती पूर्वी ‘असुरक्षित’ गटात होती. २०१६ मध्ये ती एक पायरी खालच्या, ‘संकटसमीप’ गटात गेली. धोका कमी झाला म्हणून हा बदल झाला, असे कोणी समजू नये. अधिवास तुटणे आणि शेतीखाली जाणे, हे धोक्याचे कारण त्या मूल्यमापनातही कायम आहे.

हा प्राणी मूळचा पानझडी जंगलाचा, झुडपी माळाचा आणि खडकाळ टेकड्यांचा. आमच्याकडे खानापूरचे रान, तवंदी घाटाचा डोंगर, हुक्केरीचे माळ आणि गोकाकच्या टेकड्या असा हा अधिवास तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. मधली सगळी जमीन उसाखाली आहे. उसात उंदीर भरपूर, सावली दाट आणि वर्षभर माणसाची वर्दळ कमी. त्यामुळे वाघाटीची मादी उसात पिल्ले घालते. ऐन त्याच काळात तोडणी सुरू होते. जुन्नर भागात आणि सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात फडात पिल्ले सापडल्याचे प्रकार वनविभागाला परिचित आहेत. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा आमचा ऊस याच पट्ट्याचा पुढचा भाग आहे.

पिल्लू सापडले की दोनच गोष्टी होतात. ठिपके पाहून कोणी ते बिबट्याचे ठरवतो आणि गाव गोळा होते. नाहीतर कोणी ते मांजराचे समजून दयेपोटी घरी नेतो. पहिल्या प्रकारात आई परत यायची राहते. दुसऱ्या प्रकारात पिल्लू दगावते आणि दया करणारा मजूर कागदोपत्री गुन्हेगार ठरतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले गेले. यंत्रणा मनावर घेते तेव्हा काय करू शकते, हे आम्ही पाहिले आहे. त्याच अनुसूचीतील या लहान प्राण्यासाठी आम्ही हत्ती मागत नाही. एक क्रेट, एक कॅमेरा आणि एक रात्र मागतो.

मागण्या

१. फडासाठी लेखी कार्यपद्धती. पिल्लू दिसताच तेवढ्या जागेची तोडणी थांबवावी, गर्दी हटवावी आणि वनखात्याला कळवावे. पशुवैद्यकाने तपासल्यावर पिल्ले हवेशीर क्रेटमध्ये त्याच जागी संध्याकाळी ठेवावीत आणि कॅमेरा ट्रॅप लावावा. जुन्नर वनविभागात वाइल्डलाइफ एसओएसच्या मदतीने पिल्लांची आईशी भेट घडवण्याची हीच पद्धत वापरली जाते. प्राणिसंग्रहालयात रवानगी हा शेवटचा उपाय असावा.

२. टोळीचे नुकसान भरून द्यावे. तोडणी मजुरी टनावर मिळते. फडाचा तुकडा सोडला तर ट्रॉली भरत नाही आणि टोळीचा रोज बुडतो. म्हणून कारखान्याने राखलेल्या उसाची तोडचिठ्ठी दुसऱ्या दिवशी ग्राह्य धरावी आणि टोळीला खोळंब्याची भरपाई द्यावी. राखायचा ऊस गुंठा-दोन गुंठ्यांचा असेल. कारखान्याच्या गाळपाला त्याने फरक पडत नाही.

३. खबर देणाऱ्यावर गुन्हा नको. सापडलेले पिल्लू स्वतःहून कळवणाऱ्या शेतकऱ्याला किंवा मजुराला साक्षीदार मानावे, आरोपी मानू नये. तसे परिपत्रक दोन्ही खात्यांनी काढावे. कारवाईची भीती असली की लोक गप्प बसतात आणि नोंद होत नाही. शिकारी, फासे लावणारे आणि पिल्ले विकणारे यांच्याबाबत मात्र कोणतीही सवलत नको.

४. सीमेपलीकडे चालणारी एकच व्यवस्था. निपाणीचा ऊस कागलकडे जातो, टोळ्या बीड, जत, विजयपूरहून येतात आणि वाघाटीला कोगनोळीचा नाका ठाऊक नाही. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. सीमेलगतच्या गावातून आलेला फोन, तो कोणत्याही राज्यात लागो, जवळच्या वनपरिक्षेत्राकडे वळवला जावा. फोन घेणाऱ्याला कन्नड आणि मराठी दोन्ही यावे. गावातील फलक, तोडचिठ्ठीमागील सूचना आणि टोळ्यांसाठीची पत्रके दोन्ही भाषांत छापावीत. सूचना न समजल्यामुळे जीव जाऊ नये.

५. जंगलाबाहेरची पाहणी. देशातील व्याघ्रगणनेच्या कॅमेऱ्यांतून लहान मार्जारांचीही माहिती मिळते, पण ते कॅमेरे वाघाच्या जंगलांत असतात. २०११ मध्ये घोषित झालेले १९० चौ. कि.मी.चे भीमगड अभयारण्य पाहणीत येते. चिक्कोडीचा ऊस आणि हुक्केरीचा माळ येत नाही. दोन्ही खात्यांनी एका विद्यापीठाच्या मदतीने अभयारण्याबाहेर तीन वर्षांची संयुक्त पाहणी करावी. तीत उदमांजर आणि जवादी मांजर यांचीही नोंद व्हावी.

६. रस्ते. बेळगाव-चोर्ला आणि खानापूर-लोंढा-अनमोड हे रस्ते रानातून जातात. राष्ट्रीय महामार्ग ४८ तवंदीच्या डोंगराला चिरतो. रस्त्यावर मेलेल्या वन्यप्राण्यांची नोंदवही प्रत्येक परिक्षेत्रात ठेवावी. ज्या टप्प्यात मृत्यू जास्त दिसतील तिथे रात्रीचा वेग मर्यादित करावा, गाळाने बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या कराव्यात आणि नव्या मोऱ्यांत प्राण्यांना कोरड्या पायाने जाता येईल असा काठ ठेवावा.

७. माळ आणि आग. झुडपी माळ पडीक समजून त्यावर निलगिरी किंवा अकेशियाची एकसुरी लागवड करू नये. तोडणीनंतर पाला चारी बाजूंनी पेटवण्यास बंदी असावी. पाला कुजवणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याने प्रोत्साहनपर रक्कम द्यावी, म्हणजे जमीनही सुधारेल.

आमची जबाबदारी

या मागण्या करताना आम्हीही काही बांधिलकी स्वीकारतो. हंगामापूर्वी गावोगावी मुकादम आणि चिटबॉय यांच्या बैठका आम्ही घेऊ. क्रेटवर रात्री पहारा द्यायला सभासद देऊ. पिल्लांचे फोटो आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हा नियम सभासदांवर बंधनकारक राहील. कोंबड्या नेल्याची तक्रार आली तर खुराड्याला बारीक जाळी बसवण्यास मदत करू. सूड म्हणून विष घालणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही.

मुदत

मागण्या १ ते ४ साठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. त्या यंदाचे गाळप सुरू होण्याआधी लागू व्हाव्यात. त्यासाठी दोन्ही वनखाती, दोन्ही जिल्हा प्रशासने, कारखाने आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक निपाणीत बोलवावी, तिचे इतिवृत्त दोन्ही भाषांत द्यावे आणि प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. मागण्या ५ ते ७ साठी वर्षभराचा आराखडा त्याच बैठकीत ठरावा. हंगाम संपल्यावर किती पिल्ले सापडली, किती आईकडे गेली आणि किती दगावली, हे आकडे जाहीर करावेत. कार्यपद्धती यशस्वी झाली की नाही, ते त्यावरूनच ठरवू.

कळावे,

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद