लहान छेद, मोठी शुश्रूषा

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आतां लहान छेदांतून करतां येते, हें ऐकून पुष्कळ घरांत ती दांत काढण्याइतकी सोपी वाटूं लागली आहे. आमच्या घरींही गेल्या वर्षीं हाच समज होता. त्याचें मोल आमच्या सौभाग्यवतींस द्यावें लागलें, म्हणून हे चार शब्द.

छेद पूर्वीं ८ ते १० इंचांचा असे, तो आतां ४-५ इंचांवर येतो; मांडीच्या पुढील स्नायूसही इजा कमी होते. परंतु आंत झिजलेल्या हाडांचीं टोकें कापून धातूचा व प्लॅस्टिकचा सांधा बसवावयाचा, तें काम पूर्वींचेंच.

म्हणून तयारी आधींच करावी. दांतांत वा त्वचेवर जंतुदोष असल्यास तो बरा करून घ्यावा. मधुमेह आटोक्यांत आणावा. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास शस्त्रवैद्यांस सांगावें. घरांतील सतरंज्या व पायपुसणीं उचलावीं. न्हाणीघरांत धरावयास दांडी, बसावयास उंच खुर्ची व कमोड यांची सोय असावी. औषधांची वही एकाच माणसाकडे द्यावी. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे.

हें सर्व आम्हीं केलें. चुकलों तें मायेपोटीं. वेदना पाहवेना म्हणून गुडघ्याखालीं उशी ठेविली. बरें वाटलें, पण पंधरवड्यांत पाय सरळ होईना. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आजोबा, उशी टांचेखालीं ठेवा. हें लिहून दिलें होतें." कागद पिशवींतच होता! पुढें दोन महिने आमच्या मायेचें ओझें त्या बिचारीनें व्यायामानें उतरविलें.

त्याच कागदावर आणखी होतें: पोटरी सुजून दुखूं लागली, ताप आला वा व्रण पाझरला, तर डॉक्टरांस तत्काळ कळवावें, एकाएकीं धाप लागली वा छातींत दुखलें, तर थेट रुग्णालय गांठावें.

आतां देवापुढें पाटाऐवजीं खुर्ची आहे. प्रथम त्यांस संकोच वाटे. भक्तानें गुडघा मोडून घ्यावा असें कोणत्या देवानें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां हंसल्या.

संस्कृतांत 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. मुलांस तो आम्हीं अनेक वर्षें शिकविला. स्वतः मात्र साठी उलटल्यावर शिकलों.