देवमासा आणि साधनविवेक

देवमाशांची कत्तल थांबावी, याविषयी त्यांच्या कैवाऱ्यांत दुमत नाही. दुमत आहे ते साधनांविषयी. १९७५ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते रबरी होड्यांतून सोव्हिएत शिकारी जहाजे व देवमासे यांच्यामध्ये ठाकले. तोफेतून सुटलेला भाला डोक्यावरून गेला, आणि त्याचे चित्रण जगाने पाहिले. त्यांचेच सहकारी पॉल वॉटसन यांना हा मार्ग अपुरा वाटला. १९७७ मध्ये ते बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ 'सिएरा' या बेबंद शिकारी जहाजाला आपल्या जहाजाने धडक दिली.

धडकेने एक जहाज निकामी झाले, हे खरे. परंतु १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकारीस स्थगिती देणारा ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी संमत केला, तो जागृत लोकमताच्या बळावर. 'संशोधना'च्या नावाखाली अंटार्क्टिक समुद्रात चाललेल्या जपानच्या शिकारीचे पितळ २०१४ मध्ये उघडे पडले, तेही हेगच्या न्यायालयात.

जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला आणि आपल्या सागरी हद्दीत व्यापारी शिकार करू लागला. कायदा असा तोकडा पडला की धडकेचा मोह वाढतो. तो आवरावा, असे आम्हांस वाटते. २०२४ मध्ये वॉटसन ग्रीनलंडमध्ये सुमारे पाच महिने अटकेत होते. चर्चा झाली ती त्यांच्या प्रत्यार्पणाची, देवमासा बाजूलाच राहिला. सत्याग्रहींच्या या भूमीला याहून अधिक काय सांगावे?