संग्रहालयाच्या बागेतून आत जाताना



मुंबईला आपले जाणे होते ते बहुधा दोनच निमित्तांनी. एक डिसेंबरात चैत्यभूमीवर, आणि दुसरे नात्यातल्या लग्नाला. चैत्यभूमीवर अभिवादन झाले, पुस्तकांचे नि कॅलेंडरांचे स्टॉल पाहून झाले, की रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी जळगावला उतरायचे. मेहरूणमधून अशी ये-जा वर्षानुवर्षे चालू आहे. परंतु फोर्टातले ते मोठ्या घुमटाचे वस्तुसंग्रहालय आतून पाहिलेली माणसे आम्ही आमच्या वस्तीत मोजायला बसलो, तेव्हा एका हाताची बोटेही भरली नाहीत.

दुसऱ्यांचे कशाला, आमचेच सांगतो. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात आम्ही वडिलांचे बोट धरून मुंबईला गेलो होतो. वडील हमाली करीत. फिरता फिरता संग्रहालयाच्या फाटकाशी आलो. आत हिरवळ, उंच झाडे, मागे काळ्या-पिवळ्या दगडांची इमारत. आम्ही आत जाण्याचा हट्ट धरला. वडील म्हणाले, "ते साहेब लोकांचं असतं बेटा, चल." तिकीट किती, हेसुद्धा त्यांनी विचारले नाही. तिथे आम्हाला कोणी अडवले नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. अडवणारा वडिलांच्या मनातच उभा होता, आणि त्याला तिथे कोणी उभे केले हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

वडील आता नाहीत. गेल्या मे महिन्यात आम्ही ठरवले, की मुंबईला जायचे ते केवळ ही संग्रहालये आणि त्यांच्या बागा पाहण्यासाठीच. पाच घरची बावीस माणसे तयार झाली. कोणी चटई कंपनीत, कोणी दाळमिलमध्ये, दोघे रिक्षावाले, एक सत्तरीच्या आजी आणि बाकी पोरेसोरे. तयार झाली म्हणजे सहज झाली नाहीत. पोरांना समुद्र हवा होता. बाप्यांचे म्हणणे, बुद्धमूर्ती विहारात रोज बघतो, त्यासाठी एवढा खर्च कशाला? आजींची शंका वेगळी होती. "भाऊ, तिथल्या मूर्ती भंगलेल्या असतात म्हणे. भंगलेली मूर्ती बघू नये." आम्ही म्हटले, "आजी, हे न बघण्याचं शास्त्र कोणाचं? आपण ते सोडून आलो ना?" त्यावर त्या हसल्या, पण पिशवी भरली.

पहिला दिवस फोर्टाचा. गाडीतून उतरून सगळे चालतच निघालो. या संग्रहालयाचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९९८ पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी पायाभरणी झाली, जॉर्ज विटेट या वास्तुकाराने आराखडा केला, १९१४ च्या सुमारास इमारत उभी राहिली. पण मध्ये पहिले महायुद्ध आले आणि इमारत लष्कराच्या इस्पितळासाठी वापरली गेली. लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. काळा दगड कुर्ल्याचा, पिवळसर दगड मालाडचा, आणि घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर. जवळच एल्फिन्स्टन कॉलेज आहे. बाबासाहेबांनी १९०८ मध्ये तिथे प्रवेश घेतला. म्हणजे ते कॉलेजात शिकत होते ती वर्षे आणि या वास्तूच्या उभारणीची वर्षे जवळपास एकच. फाटकाशी उभे राहून आम्ही पोरांना एवढेच सांगितले.

बागेत शिरल्यावर मात्र मंडळी पांगली. आमचा अनुभव असा, की आपल्या माणसाला थेट संगमरवरी जिन्यापुढे उभे केले तर तो बिचकतो. त्याला आधी झाड पाहिजे, सावली पाहिजे, टेकायला जागा पाहिजे. बायकांनी पदर सारखे केले, पोरांना पाणी पाजले, घुमटाकडे माना वर करून पाहिले. अर्धा तास असा गेला आणि मग कोणी "चला" म्हणायची गरजच पडली नाही. संग्रहालयाला बाग कशासाठी असते ते आम्हाला त्या दिवशी कळले.

दालनाच्या तोंडाशी एक गंमत झाली. आजींनी चपला काढल्या. त्यांचे पाहून बाकीच्या बायकांनी काढल्या आणि भिंतीशी चपलांची रांग लागली. पहारेकरी आला. आम्हाला वाटले, आता हा बोलणार. तो म्हणाला, "मावशी, घाला चपला, इथं चालतात. फक्त हात लावू नका." आजींनी चपला पुन्हा पायात घातल्या खऱ्या, पण मूर्तीपुढे गेल्या की पाय बाहेर काढून उभ्या राहात. आम्ही काही बोललो नाही. संग्रहालय म्हणजे विहार नव्हे हे खरे, पण हात जोडल्याने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र हात जोडून झाल्यावर खालची पाटी वाचावी, हा आमचा आग्रह. पाटीवर मूर्ती कुठली, कोणत्या शतकातली, दगडाची की मातीची ते असते. ते वाचल्याशिवाय पुढे सरकायचे नाही असा नियम पोरांना घातला होता.

आमच्या मंडळींचे पाय सर्वांत जास्त वेळ खिळले ते मीरपूर खासच्या मूर्तींपुढे. मीरपूर खास हे सिंधमधले गाव, आज पाकिस्तानात. तिथे विटांचा मोठा स्तूप होता. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने १९१० च्या सुमारास तो खणला तेव्हा भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती निघाल्या, साधारण पाचव्या शतकातल्या. एका पोराने विचारले, पाकिस्तानातल्या मूर्ती मुंबईत कशा? चांगला प्रश्न. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणून त्या इथे आल्या. त्याच ठिकाणची, हातात कमळ धरलेल्या एका उपासकाची मूर्ती आहे. तो राजा दिसत नाही, भिक्खू नाही, साधा गृहस्थ दिसतो. आजी त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. "हा आपल्यातलाच वाटतो," म्हणाल्या. भंगलेपणाची शंका त्या विसरल्या होत्या.

चटई कंपनीत यंत्रावर काम करणाऱ्या एका वहिनींचे निरीक्षण तर आम्हाला आजवर कोणत्या पुस्तकात मिळाले नाही. गांधारच्या मूर्तींकडे पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, हे चीवर जाड कापडाचं आहे. वळ्या कशा जड पडल्यात बघा, घोंगडीसारख्या. सिंधच्या मूर्तीचं कापड पातळ आहे." गांधार म्हणजे पेशावरकडचा मुलूख, थंडीचा. तिथल्या कारागिरांवर ग्रीक-रोमन पद्धतीची छाप होती, म्हणून वस्त्राच्या अशा जाड घड्या. आम्ही बी. कॉम. झालेला माणूस, आम्हाला कापडाचा हा फरक दिसला नव्हता. ज्याच्या हाताखालून रोज धागा जातो त्याच्या डोळ्याला तो दिसला.

सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही या संग्रहालयाच्या संग्रही आहेत. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली सापडला, नवव्याचा १९५६ साली. लिपी ब्राह्मी, त्यामुळे वाचता येत नाही. परंतु आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या खडकांवर आहे आणि त्याचा विषय ऐकून आमची मंडळी चकित झाली. पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या सहलींना निघत, आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली, असे सम्राट त्यात सांगतो. एक रिक्षावाला बंधू म्हणाला, "म्हणजे आपली ही ट्रीप कोणत्या खात्यात धरायची?" आम्ही हिशेबाची वही उघडून "प्रवास" असा रकाना दाखवला. असो.

वरच्या मजल्यावर चिनी आणि जपानी वस्तूंचे दालन आहे. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी जमवलेल्या या वस्तू. तिथे पोरांनी विचारले, जपानात अशी संग्रहालये असतात का? असतात, आणि बागांसकट असतात. टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय आपली सुरुवात १८७२ सालापासून मोजते. ते आज उएनो नावाच्या मोठ्या उद्यानात आहे. ही जागा पूर्वी कानएइजी या बौद्ध मंदिराची. १८६८ च्या लढाईत मंदिराचा मोठा भाग जळाला, मग तिथे लोकांसाठी उद्यान झाले आणि पुढे संग्रहालय आले. मुख्य इमारतीच्या मागे तळे आणि चहापानाच्या जुन्या लाकडी झोपड्या असलेली बाग आहे. होर्यूजी या प्राचीन विहारातल्या वस्तूंसाठी एक वेगळी इमारत असून तिच्या पुढ्यात उथळ पाणी खेळवले आहे. आत ओंजळीएवढ्या सोनेरी मुलाम्याच्या बुद्धमूर्ती रांगेने मांडल्या आहेत. टोकियोला जाणे आपल्या ऐपतीबाहेरचे, पण पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले. बाग पाहायची हौस तिथे भागते.

जपानचा विषय निघाला म्हणून आम्ही पोरांना अराई कांपो या चित्रकाराची गोष्ट सांगितली. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून तो भारतात आला आणि १९१७-१८ च्या सुमारास आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत राहून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करीत बसला. समुद्र ओलांडून आलेला माणूस, अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या उजेडात. त्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या मोठ्या भूकंपात आग लागली आणि त्या जळाल्या. इंग्रजांच्या नकलांचेही तेच झाले. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. लांबच्या इमारती जळाल्या, आणि मूळ चित्रे मेहरूणपासून साठेक किलोमीटरवर अजून भिंतीला आहेत. बावीस जणांत अजिंठा पाहिलेले किती, असे विचारले. सात हात वर आले. त्यातले चार शाळेच्या सहलीचे.

दुसरा दिवस भायखळ्याचा. भायखळा स्टेशनवरून दहा मिनिटांवर राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ सालची ही बाग. तिच्या तोंडाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते लोकांसाठी खुले झाले २ मे १८७२ रोजी, म्हणजे टोकियोचे आणि हे एकाच वर्षाचे. भाऊ दाजी हे डॉक्टर होते आणि जुने लेख वाचणारे पंडितही. अजिंठ्याच्या शिलालेखांवर त्यांनी १८६३ साली निबंध वाचला होता. पोरांना अर्थात पेंग्विन हवे होते. त्यांना ते आधी दाखवले. आम्ही म्हणतो, त्यात लाज कसली? पेंग्विन पाहून पोट भरलेला पोरगा संग्रहालयात शांत चालतो.

संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला. तुकडे या बागेत आणले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जोड अजून दिसतात. "न्यायला निघाले आणि नेता आला नाही," आजी त्याच्याकडे पाहून म्हणाल्या आणि समाधानाने तंबाखूची पुडी शोधू लागल्या. ती आम्ही खिशात ठेवायला लावली.

आत मातीच्या लहान लहान पुतळ्या आहेत. त्या काळच्या मुंबईतले निरनिराळे समाज, त्यांचे धंदे, पगड्या, पेहराव. काम सुबक आहे. पण इंग्रजांच्या काळी माणसे अशी जातवार, धंदेवार मांडून ठेवण्याची जी रीत होती ती पाहताना आम्हाला बरे वाटले नाही. आठवीतल्या एका मुलीने कपाट नीट न्याहाळून विचारले, "काका, यात आपण कुठे?" आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तिचा बाप दाळमिलमधला, एरवी फारसा न बोलणारा. तो म्हणाला, "आपण इकडे, काचेच्या बाहेर. तिकीट काढून आलोय."

त्यानंतर बागेत एका मोठ्या झाडाखाली बसलो. डब्यातल्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेव संपली तेव्हा तीन वाजले होते.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. राणीची बाग आणि भाऊ दाजी संग्रहालय बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवून तारीख धरावी. सहा डिसेंबरच्या गर्दीत हे जमत नाही, एक दिवस जास्त राहावे. तिकिटाचे दर, विद्यार्थ्यांची सवलत आणि डबा कुठे सोडता येतो हे फाटकावर विचारावे, विचारायला पैसे पडत नाहीत. मुलांचे शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवावे. आणि एका दिवसात सगळी दालने उरकण्याच्या फंदात पडू नये. आम्ही फोर्टात तीनच दालने नीट पाहिली, बाकी राहिली ती राहिली.

परतीच्या गाडीत, मनमाड गेल्यावर, त्या आठवीतल्या मुलीने अजिंठ्याचा विषय पुन्हा काढला. अजिंठ्याला सोमवारी सुटी असते, म्हणून रविवार धरला आहे. या खेपेला छत्तीस नावे आली आहेत, आणि पहिले नाव आजींचे. बसचे बघतो आहोत. डबा ज्याचा त्याने आणायचा आहे.