मानद गोरे आणि मैदानाची सोवळी रेघ

'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याला कुणी पुरावा मागत नाही. या वाक्याचे साहित्यातले भावंड आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या अधिक परिचयाचे आहे : 'कलाकृती स्वायत्त असते, तिच्यात बाहेरचे प्रश्न आणू नयेत.' फडके-खांडेकर वादाच्या काळापासून हे वाक्य या ना त्या रूपात आपल्या समीक्षेत वावरते आहे आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांतून ते आमच्यासमोर येते. दोन्ही वाक्ये एक रेघ गृहीत धरतात. रेघेच्या आत निर्मळ रसव्यवहार, बाहेर मलिन जग. ही रेघ कोणी आखली, केव्हा आखली आणि तिच्यावर पहारा कोणाचा, हे प्रश्न मात्र विचारायचे नसतात. ते प्रश्न एकदा एका अख्ख्या देशाला रस्त्यावर उतरून विचारावे लागले. निमित्त होते रग्बीच्या एका दौऱ्याचे.

दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय रग्बी संघ, म्हणजे स्प्रिंगबॉक, जुलै ते सप्टेंबर १९८१ या काळात न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. त्या ५६ दिवसांत २८ ठिकाणी दोनशेहून अधिक निदर्शने झाली, दीड लाखाहून अधिक माणसे त्यांत उतरली आणि सुमारे दीड हजार जणांवर खटले भरले गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या वर थोडीच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. रग्बी हा तिथे केवळ खेळ नव्हे. राष्ट्राच्या आत्मप्रतिमेचा तो गाभा आहे. म्हणूनच घराघरांत फूट पडली. दौऱ्याच्या समर्थकांचे म्हणणे एकच होते : निदर्शकांनी खेळात राजकारण आणले.

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. राजकारण आणले कोणी, याचा निवाडा कालक्रमच करतो. १९२१ साली स्प्रिंगबॉक प्रथम न्यूझीलंडला आले आणि नेपियर येथे माओरी संघाशी खेळले. गोरे प्रेक्षक आपल्याच वंशाच्या खेळाडूंविरुद्ध माओरींना प्रोत्साहन देताना पाहून स्प्रिंगबॉक खेळाडूंना किळस आली, अशी तार दक्षिण आफ्रिकी वार्ताहराने मायदेशी धाडली. ती फुटली आणि छापली गेली. पुढे १९२८, १९४९ आणि १९६० साली न्यूझीलंडचा संघ, म्हणजे ऑल ब्लॅक्स, दक्षिण आफ्रिकेला गेला तो माओरी खेळाडूंना घरी ठेवून. जॉर्ज नेपियासारखा असामान्य खेळाडूही १९२८ च्या संघात नव्हता, तो केवळ माओरी म्हणून. १९६० साली 'माओरी नाहीत तर दौराही नाही' असे म्हणत लोकांनी सह्यांची मोहीम चालवली. तरीही गोराच संघ गेला. म्हणजे संघनिवडीच्या कागदावर कातडीचा रंग आला तेव्हा राजकारण मैदानात येऊन बसलेच होते. साठ वर्षे ते तिथे शांतपणे बसले होते, म्हणून कुणाला दिसले नाही. निदर्शकांनी त्याच्याकडे बोट दाखवले, एवढाच त्यांचा गुन्हा.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे शब्दांकडे लक्ष द्यावे. १९७० साली माओरी आणि सामोअन खेळाडूंना दक्षिण आफ्रिकेत प्रवेश मिळाला, तो 'मानद गोरे' म्हणून. या विशेषणाइतके निर्लज्ज विशेषण शोधून सापडणार नाही. नियम जसाच्या तसा राहतो. ज्याला आत घ्यायचे त्याच्यापुरते त्याचे असणे पुसले जाते, आणि पुसणारा स्वतःला उदार समजतो. दुसरा शब्द 'पूल'. खेळाच्या संबंधांतून पूल बांधले जातील, मने बदलतील, असा युक्तिवाद दौरेवादी करत. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑल ब्लॅक्स तिथे खेळत होते. त्या पुलावरून कोण कुठे गेले, हे मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमधून परतलेल्या वीसहून अधिक, बहुतांशी आफ्रिकी, देशांनी जगाला सांगितले. १९८१ च्या स्प्रिंगबॉक संघात एरल टोबायस हा एकमेव गोरेतर खेळाडू होता. 'आता वंशभेद उरला कुठे?' असे विचारायला तेवढे पुरेसे ठरले.

न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी १९७७ च्या ग्लेनईगल्स कराराला संमती दिली होती. वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंधांना आळा घालण्याचे राष्ट्रकुलातील देशांचे ते वचन होते. तरी दौरा रोखणे हा नागरिकांच्या स्वातंत्र्यावरचा घाला ठरेल, ही भूमिका घेऊन सरकार बाजूला उभे राहिले. बाजूला म्हणजे कुठे? २५ जुलै रोजी हॅमिल्टनच्या मैदानात सुमारे साडेतीनशे निदर्शक घुसले, एक छोटे विमान मैदानाच्या दिशेने येत असल्याची खबर आली आणि सामना रद्द झाला. मैदानातून बाहेर पडणाऱ्यांना संतप्त प्रेक्षकांनी बाटल्या फेकून मारल्या. चार दिवसांनी वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर पोलिसांच्या दंडुक्यांनी निदर्शकांची डोकी फुटली. मैदानांभोवती काटेरी तारांची भेंडोळी आली, खास पोलीस पथके आली. १२ सप्टेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर अखेरची कसोटी चालू असताना वरून एक विमान पिठाच्या पिशव्या टाकत राहिले आणि खाली खेळ चालूच राहिला. यजमानांनी ती २५-२२ अशी जिंकली. ज्या खेळाला राजकारणापासून अलिप्त ठेवायचे होते, तो अलिप्त ठेवण्यासाठी शासनसंस्थेची सगळी शक्ती पणाला लावावी लागली. स्वायत्ततेला पोलीस लागले! नोव्हेंबरमध्ये मल्डून यांचा पक्ष एका जागेच्या बहुमताने पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा खेळ आणि राजकारण यांच्या फारकतीची गोष्ट पुरी झाली.

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला : तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला सामना पाहण्याचा हक्क नाही काय? आहे. हॅमिल्टनमध्ये तो हिरावला गेला, हेही खरे. पण तोच सामना पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील माणसे पहाटे उठून दूरचित्रवाणीसमोर बसली होती. जगाला आपण नकोसे झालो आहोत, ही गोष्ट कोणत्याही अग्रलेखाने त्यांच्या घरात इतक्या स्वच्छपणे पोहोचवली नसती. रॉबेन बेटावर वीस वर्षांच्या आसपास कैद भोगलेल्या नेल्सन मंडेला यांनी १९९५ मध्ये न्यूझीलंडला भेट दिली, तेव्हा हॅमिल्टनच्या बातमीने तुरुंगात जणू ऊन पडले होते, अशा अर्थाची आठवण सांगितली. एका दुपारच्या करमणुकीचा हक्क आणि हे ऊन, यांची तुलना ज्याची त्याने करावी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. तो माओरींनीच घेतला : सोवेटोसाठी रस्त्यावर उतरणारे गोरे निदर्शक १९७८ साली कुठे होते? त्या वर्षी ऑकलंडच्या बास्टियन पॉइंटवर आपल्या जमिनीसाठी ठाण मांडलेल्या २२२ जणांना पोलिसांनी अटक केली होती. मेराटा मिटा यांच्या 'पातू!' या माहितीपटात (१९८३) दौऱ्याच्या संघर्षाचे चित्रण एका माओरी स्त्रीच्या नजरेतून येते, आणि हा प्रश्न त्या काळातील माओरी विचारात सतत धगधगत राहतो. पण या आक्षेपातून 'म्हणून दौरा चालू द्या' असा निष्कर्ष निघत नाही. दूरचा अन्याय पाहताना घरचाही पाहा, एवढाच निघतो. आपल्यालाही तो लागू आहे. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ साली डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी न खेळता सोडून दिली. याचा अभिमान बाळगावाच. मात्र तो बाळगताना आपल्या गावकुसाकडे पाठ फिरवू नये.

आता घरी येऊ. आमच्या मते 'स्वायत्तता' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बेमालूम मिसळल्या जातात. एक, मूल्यमापनाची स्वायत्तता : ट्राय झाला की नाही, हे खेळाच्या नियमांनीच ठरावे, कविता जमली की नाही, हे कवितेच्या अंगाने तपासावे. हिचे रक्षण आम्हीही करू. दुसरी, प्रवेशाची 'स्वायत्तता' : संघात कोण, अभ्यासक्रमात कोण, 'वाङ्मयीन' म्हणजे कोणाची भाषा, हे ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारायचा नाही. पहिलीच्या पुण्याईवर दुसरीने जगायचे, ही खरी लबाडी. ऑल ब्लॅक्सचा कर्णधार ग्रॅहम मौरी याने १९८१ च्या स्प्रिंगबॉकविरुद्ध खेळण्यास नकार दिला. खेळ कळत नव्हता म्हणून काही तो बाहेर राहिला नाही.

मराठीत दलित साहित्य आले तेव्हा 'यात अनुभव आहे, पण कला कुठे?' असे विचारले गेले. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहावे लागले, ते या प्रश्नाच्या दडपणाखालीच. आज तो प्रश्न इतक्या उघडपणे कुणी विचारत नाही. आता आपण एखाद्या कवीचा गौरव करताना म्हणतो, 'तो दलित कवी नव्हे, तो निव्वळ कवी आहे.' सभागृहात टाळ्या पडतात. हे वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण १९७० च्या त्या व्हिसावरचा शब्द आठवून पाहावा. हाही मानद प्रवेशच आहे. 'निव्वळ' कवीचा रंग कोणता, हे ज्याने आधीच ठरवून ठेवले आहे, तोच ही सवलत देऊ शकतो.

तेव्हा यापुढे कुणी 'इथे बाहेरचे प्रश्न आणू नका' असे म्हणाले, तर विद्यार्थ्यांनी नम्रपणे एवढेच विचारावे : सर, हा प्रश्न बाहेर कोणी ठेवला?