कौटुंबिक वापरासाठी

बँकेच्या वाहनकर्जाच्या अर्जात 'वाहन घेण्याचा हेतू' असा एक रकाना असे. नोकरीत असताना असे शेकडो अर्ज माझ्या टेबलावरून गेले. पण त्या रकान्यातली उत्तरे दोनच. टॅक्सी घेणारा 'व्यवसाय' लिहायचा आणि उरलेले सगळे 'कौटुंबिक वापर'. मीही ते दोन शब्द कधी नीट वाचले नाहीत. पगाराची स्लिप पाहायची, जामीनदार पाहायचा, सही करायची. कुटुंबात माणसे किती, त्यांतले गाडीत कोण कुठे बसणार, महिन्यातून किती दिवस बसणार, हे विचारायला अर्जात जागाच नव्हती.

यंदा तो रकाना आमच्याच घरात भरायची वेळ आली. आम्ही कोथरूडला राहतो. सूनबाईंचे ऑफिस हिंजवडीत. मुलगा घरूनच काम करतो, त्यामुळे रोज गाडी चालवणारी माणूस एकच, सूनबाई. घरात एकूण सहाजण : ८६ वर्षांची माझी आई, आम्ही दोघे, ते दोघे आणि चार वर्षांची नात. वाईला वडिलांचे घर आहे. तिथला गणपती, दिवाळीतले चार दिवस आणि एखादे लग्नकार्य एवढाच आमचा लांबचा प्रवास. जुनी छोटी गाडी थकली होती. मुलगा म्हणाला, "आता डिकीवाली घेऊ."

डिकीवाली या शब्दात आमच्या पिढीचे बरेच काही साठलेले आहे. लहान मुलाला मोटार काढ म्हटले, की ते पुढे एक खोके, मध्ये उंच खोके आणि मागे एक खोके काढते. आम्ही पाहिलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर तशाच होत्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मागचे खोके गळाले. गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली खरी, पण मनातली मोटार तीन खोक्यांचीच राहिली. पुढे बढती मिळालेला माणूस कर्जासाठी समोर बसला, की हळूच सांगायचा, "साहेब, या वेळी डिकीवाली घ्यायचीय." जणू तीही एक बढतीच.

या हौसेला आजचा आकार मात्र अर्थखात्याने दिला. २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचे अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले. छोटी म्हणजे कोणती, तर चार मीटरपेक्षा लांब नसलेली आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या, डिझेलचे १५०० सीसीच्या आत असलेली. झाले, कंपन्यांनी पट्ट्या काढल्या. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोचे शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली. त्याच वर्षी आलेली मारुतीची डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये नवी आली ती ३९९५ मिलिमीटरची. रेषेच्या आत अवघे पाच मिलिमीटर! डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली. ती पुढे वाढत वाढत २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या डिझायरमध्ये ३८२ लिटर झाली आहे. टाटांच्या टिगोरची ४१९, होंडाच्या अमेझची ४१६. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापात बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मापाबाहेरच्यांवर ४० टक्के. तेव्हा ही चार मीटरची रेषा इतक्यात पुसली जाईल असे दिसत नाही.

मुलाने कोष्टक केले होते. पडदा किती इंचाचा, छताला खिडकी आहे की नाही. (पुण्याच्या एप्रिलमध्ये डोक्यावर काचेची खिडकी कशासाठी हवी, हे मला अजून कळलेले नाही.) मी एवढेच म्हटले, "शोरूममध्ये आईला घेऊन जाऊ."

विक्रेत्या तरुणाला हे नवीन होते. त्याने चालकाचे दार उघडून धरले होते आणि आई मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सेडानची बैठक मुळात खाली. त्यात चार मीटरमध्ये शेपूट बसवायचे म्हणून छप्पर मागे लवकर उतरते. तिने आधी पाठ टेकवली, मग पाय एकेक करून आत घेतले, तरी डोके दाराच्या चौकटीला लागलेच. बाहेर येताना मुलाने हात दिला. आई म्हणाली, "उतरायला विहीर बरी आहे रे, वर यायला मात्र रहाट लावा." मग तिला पुढच्या आसनावर बसवून पाहिले. तिथले दार मोठे आहे, पायांना जागा आहे. तिथे ती एकटी बसली, एकटी उठली. आईची जागा ठरली. यासाठी कोणत्याही माहितीपत्रकाची गरज पडली नाही.

शेजारच्या दालनात उंच एसयूव्ही होती, तीही पाहिली. तिथे चढायला पाट लागला. उंच गाडी म्हाताऱ्या माणसांना सोपी, असे सगळे सांगतात. साठीच्या माणसाला ती सोपी असेल, पण पाच फुटांखालच्या ८६ वर्षांच्या बाईला नाही. हे ज्याच्या त्याच्या घरातल्या गुडघ्यांवर ठरते.

चाचणी म्हणून शोरूमवाले जी फेरी देतात ती तीन किलोमीटरची, सपाट रस्त्यावरची आणि गाडीत दोन माणसे असतानाची. त्यात कोणतीही गाडी चांगलीच वाटते. म्हणून आम्ही एक दिवस याच मापाची टॅक्सी ठरवून वाईला जाऊन आलो. हा उपाय मी आता भेटेल त्याला सांगतो. मागे मध्ये मी बसलो. मधली बैठक कडक, पायांखाली उंचवटा, दोन्ही बाजूंचे खांदे आपल्या खांद्यांवर. शिरवळपर्यंत मी गप्पा मारत होतो, खंबाटकीच्या पायथ्याशी गप्प झालो. घाटात पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन बाराशे सीसीचे इंजिन चढत होते. चालकाने दुसरा गिअर टाकला, एसी बंद केला आणि शांतपणे म्हणाला, "काका, घाट झाला की लावतो." दोन लाख किलोमीटर चालवलेल्या माणसाच्या या एका वाक्यात इंजिनाची सगळी परीक्षा आली. घाटात धावायची घाई नसेल तर पुरते, हेही त्यातच आले.

मुक्कामी पोहोचल्यावर डिकीची परीक्षा. लिटरचा आकडा पोटाचा असतो, तोंडाचा नसतो. आमच्या गणपतीची मूर्ती पुण्याहून न्यायची असते, दीड फुटाची, खोक्यात उभी. ती डिकीच्या तोंडातून आत जाईना, आणि गणपती आडवा कोण घालणार? हॅचबॅकमध्ये मागची बैठक पाडून असे काही नेता येते. यातल्या बहुतेक सेडानमध्ये ती पडत नाही. पिशव्या आणि बॅगा मात्र भरपूर राहतात, मागच्यांच्या मानेवर येत नाहीत आणि गाडीत भाजीचा वास सुटत नाही. डिकीचा खरा उपयोग तेवढा.

हे झाले वर्षातल्या दहा-बारा दिवसांचे. उरलेले दिवस कोणाचे? महिन्याचे २२ दिवस या गाडीत एकच माणूस असणार आणि ते चांदणी चौक, बावधन, वाकड असे करत हिंजवडी गाठणार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांदणी चौकाचा नवा पूल खुला झाल्यापासून तिथली कोंडी सैल झाली, पण ती संपली नाही, पुढे सरकली. संध्याकाळी सूनबाई घरी येतात तेव्हा आधी डावा गुडघा चोळतात. क्लच दाबून दाबून तो आखडलेला असतो. आमच्या घरात गुडघे दोन पिढ्यांचे दुखतात, आणि आजवर विचार एकाच पिढीच्या गुडघ्यांचा होत होता.

इथे मुलाचा आणि माझा वाद झाला. त्याला सीएनजी हवा होता. त्याचा हिशेब मी बँकेच्या सवयीने तपासला. महिन्याला १००० किलोमीटर. पेट्रोलवर शहरात १६ चा अ‍ॅव्हरेज आणि लिटरला १०४ रुपये धरले तर ६५०० रुपये. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरला तर ३६८०. महिन्याला २८२० वाचतात. गाडीच्या किमतीतला फरक नव्वद हजार धरला तर तो सुमारे ३२ महिन्यांत फिटतो. हिशेबात चूक नाही. (कंपनी २४.७९ चा अ‍ॅव्हरेज सांगते, मग १६ का, असे त्याने विचारले. ज्या आकड्याला लोक एआरएआयचे अ‍ॅव्हरेज म्हणतात, त्या संस्थेच्या टेकडीवर मी रोज सकाळी फिरायला जातो. चाचणीत गाडी रोलरवर पळते. रोलरवर चांदणी चौक नसतो.)

पण हिशेबाच्या कागदावर दोन गोष्टी नव्हत्या. सीएनजीची टाकी डिकीत बसते; म्हणजे ज्या खोक्यासाठी ही गाडी घ्यायची तेच खोके देऊन टाकायचे. टाटांनी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून यातून वाट काढली आहे. आणि दुसरी गोष्ट, डिझायरमध्ये सीएनजी हवा असेल तर क्लच हाताशी, म्हणजे पायाशी, येतोच. क्लच नसलेली एएमटी फक्त पेट्रोलला. एएमटी म्हणजे काही जादू नव्हे. गिअरबॉक्स तोच, क्लच दाबायचे काम तेवढे यंत्र करते. गिअर बदलताना मान किंचित हलते, हे चालवून पाहिले तेव्हा जाणवले. अमेझमधली सीव्हीटी जास्त मऊ, पण किंमतही चढी. एएमटीला चाळीस-पन्नास हजार जास्त पडतात आणि ते पैसे कधीच 'फिटत' नाहीत, म्हणून कोष्टकात तिच्यापुढे फुली होती.

मी मुलाला म्हटले, "वाचणारे २८२० रुपये घराचे आणि दुखणारा गुडघा तिचा. गाडी तू चालवणार असतास तर फुली मारली असतीस का?" तो थोडा वेळ काही बोलला नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, राहू दे. पंपावरच्या रांगेत उभं राहायचंही मलाच आहे, हे त्याच्या लक्षात आलंय."

सुरक्षिततेवर मी फार वेळ घालवला नाही, कारण तिथे आता निवड सोपी झाली आहे. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. मुलांच्या सुरक्षेसाठी चार. सहा एअरबॅग सगळ्यात स्वस्त प्रकारातही आहेत. तेव्हा महागडा प्रकार सुरक्षेसाठी घेतोय, असे स्वतःला सांगायची सोय उरलेली नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे पट्टा लावलेला नव्हता. गाडी कितीतरी महागडी होती. आमच्याकडे मागे बसलेला माणूस पट्टा आसनाच्या फटीत खोचून ठेवतो. नातीसाठी तिचे वेगळे आसन मागे बसवले आणि पट्टे बाहेर काढले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली : त्या आसनाशेजारी दोनच मोठी माणसे बसतात, आणि त्यांतले मधले अंग चोरून.

आता कर्ज. सात लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १४,५३१ रुपये. तेच सात वर्षांसाठी घेतले तर ११,२६२. विक्रेता दुसरा आकडा मोठ्याने आणि पहिला हळू सांगतो. महिन्याला ३२६९ कमी, पण व्याज जवळपास ७४ हजार जास्त, आणि सातव्या वर्षी गाडीची किंमत काय उरली असेल ते वेगळेच. कोणी 'फक्त सात टक्के फ्लॅट' म्हणाला तर उठून यावे. पाच वर्षांच्या कर्जात तो दर घटत्या बाकीवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. विमा शोरूमकडूनच घ्यावा लागतो हेही खरे नाही. आमच्या अंदाजपत्रकात 'हाताळणी खर्च' म्हणून एक ओळ होती. ही हाताळणी कसली, असे विचारताच ती ओळ खोडली गेली. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला हा आनंद निवृत्तीनंतरच मिळतो.

सहा माणसांना सात आसनांची गाडी का नाही, असे व्याही म्हणाले. सोसायटीत आमच्या वाट्याला आलेल्या जागेत दोन खांब आहेत, हे एक उत्तर. दुसरे असे, की वर्षातल्या दहा-बारा दिवसांसाठी रोज पाच-सहा रिकामी आसने हिंजवडीला नेऊन आणायची, त्यांचे पेट्रोल भरायचे आणि त्यांचा हप्ताही. सूनबाईंना कोंडीत वळवायला, खांबांमध्ये लावायला चार मीटरच पुष्कळ आहेत.

शेवटी पेट्रोलची, एएमटीवाली, खालून दुसऱ्या प्रकाराची गाडी नोंदवली. पाच वर्षांचा हप्ता, तो दोघांच्या पगारातून निम्मा-निम्मा. अर्ज आता संगणकावर भरतात. हेतूचा रकाना आला तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिले आणि 'कौटुंबिक वापर' हेच निवडले.

गणपतीला वाईला जाताना सूनबाई चालवतील. पुढे आई. मागे नात तिच्या आसनात, सौ. मध्ये आणि खिडकीशी मुलगा, मांडीवर मूर्तीचे खोके घेऊन. मी स्वारगेटहून सकाळच्या एस.टी.चे तिकीट काढणार आहे. खंबाटकीत मला एसी बंद करावा लागणार नाही.